मोहाच्या झाडाखालची वाट

मुदखेड,
१२ जानेवारी २०२५

पुनमताई यांना,
सप्रेम जय भीम.

तुम्ही मला ओळखत नाही. सावरदऱ्याच्या अंगणवाडीत तुम्ही सेविका आहात आणि तुमच्या वाडीत मोबाइल लागत नाही, एवढं मला दादाकडून ऐकून माहीत होतं. म्हणून पत्र लिहिते आहे. मी विशाखा, अश्वजित गजभारेची धाकटी बहीण. वणवा लागू नये म्हणून उन्हाळ्यात वनखातं हंगामी मजूर ठेवतं, त्यांतला तो अश्वजित. मागच्या मार्चमध्ये तुमच्या डोंगरावर वणव्यात गेला तो.

मला त्या डोंगरावरून एक दिवस चालायचं आहे. सकाळी सावरदऱ्यातून चढायचं, जाळरेषेला लागायचं, खिंड ओलांडून पलीकडच्या डांबरी रस्त्यावर उतरायचं आणि संध्याकाळची एसटी धरायची. दादा सुट्टीवर आला की या वाटेबद्दल बोलत राहायचा. "तिथं दुपारी आपल्याच पावलांचा आवाज येतो विशू, दुसरा कसलाच न्हाई. एकदा नेतो तुला." न्यायचं राहून गेलं.

खरं कारणही लिहिते. ते लपवून तुमच्याकडून वाटेची माहिती काढून घेणं मला जमणार नाही. पंचनाम्यात लिहिलं आहे की दादा जाळरेषा सोडून मोहाच्या झाडांखाली दारू पिऊन झोपला होता आणि तिथेच धुरात सापडला. माझा दादा दारूला शिवत नव्हता. बाबा आमच्या विहारात कित्येक वर्षं वंदना घेत आले. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. पंचनामा घरी आला त्या रविवारी ते पाचव्या शीलापाशी थांबले. तेव्हापासून ते मागच्या रांगेत बसतात. घरातली पहिली पदवी माझी, म्हणून तो कागद त्यांना वाचून दाखवायचं कामही माझ्याकडेच आलं होतं.

वनखात्याकडे केलेल्या आमच्या भरपाईच्या अर्जावर एप्रिलअखेर निर्णय आहे. त्याआधी ती जागा मला डोळ्यांनी बघायची आहे. सोळा मार्चला त्याचा स्मृतिदिन. आईला तिथे मेणबत्ती लावायची होती, पण तिचे गुडघे चढू देणार नाहीत. तिच्या वतीने मी लावीन. वाट कशी आहे, पाणी कुठे मिळेल, सोबतीला कुणी येईल का, हे कळवाल का?

आपली,
विशाखा रामकिशन गजभारे


सावरदरा,
२७ जानेवारी

विशाखाताई,
जय सेवा.

पत्र बाजाराच्या दिवशी मिळालं. अश्वजितभाऊंना एक बहीण आहे, ती लई शिकते, हे आम्हाला ठाऊक होतं. ते सगळ्यांना सांगायचे.

वाट सांगते. चपलेवर येऊ नका, बूट घाला. मागे नांदेडची चार पोरं आली होती, पाठीवर ह्या एवढाल्या बॅगा. एकजण मला म्हणतो, मॅडम, इथला व्ह्यू पॉइंट कुठाय? मी म्हटलं, जिथं दम लागून बसशील तिथंच. तो हापशापाशीच बसला.

हापशावर पाणी भरून घ्या, वर कुठं मिळत न्हाई. तिथून डोंगराची डावीकडची धार धरायची. सागाचं रान लागेल. धार सोडायची न्हाई. उजवीकडं नाला आहे, तिकडं उतरू नका, अस्वल आहे. धारेनं गेलं की जाळरेषा लागते. वणवा अडवायला दोन्ही अंगांनी झाडं तोडून साफ केलेला पट्टा आहे, चुकायचं काही काम न्हाई. तिथून खिंड. खिंडीत मोबाइल लागतो, घरी फोन करून घ्या. मग उतार.

पण मार्चमध्ये येऊ नका. पानगळ झालेली असते, पाय टाकला की पापड मोडल्यासारखं वाजतं. ऊन लई. पुढच्या पौषात या, पानांवर दव असतं. आणि मेणबत्ती आणू नका. डोंगरावर काही पेटवायचं न्हाई.

भाऊ चांगले होते. ते पीत होते असं मी कधी पाह्यलं न्हाई. पण मी अंगणवाडीत असते. वरचं मला काय माहीत.

पुनम


मुदखेड,
५ फेब्रुवारी

पुनमताई,

तुमचं पत्र मी पंचनाम्याशेजारी ठेवून वाचलं. दादा सापडला ती जागा नाल्याच्या उजव्या अंगाला आहे. तुम्ही आखून दिलेली वाट तिथे जातच नाही.

अस्वल आहे यावर माझा विश्वास आहे. मोहाची फुलं खायला अस्वलं येतात असं दादाही म्हणायचा. पण तुम्ही मला बोलावता पौषात. पौषात मोहाला फूल नसतं. मग अस्वल तिथे कशासाठी बसून राहील?

तुम्हाला कुणी धमकावलं आहे का? माझा अंदाज सांगते. वनखात्याच्या त्या वेळच्या गार्डसाहेबांनी दादाला स्वतःच्या कसल्यातरी कामाला जाळरेषा सोडायला लावली, आणि अंगाशी आल्यावर दारूचं नाव पुढे केलं. तसं असेल तर तुम्ही एकट्या नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज कसा करायचा ते मला येतं. खरं बोलणाऱ्याला कायदा सांभाळतो. तुम्ही फक्त घाबरू नका.

मी सोळा मार्चलाच येणार आहे. सोबत कुणी आलं नाही तरी येणार आहे.

विशाखा


सावरदरा,
२१ फेब्रुवारी

विशाखाताई,

गार्डसाहेबांनी काही केलं न्हाई. ते बदलून गेले. मला कुणी धमकावलेलं न्हाई. खेड्यातल्या बाईनं तोंड मिटलं की तिला कुणीतरी दाबलंच असेल, असं तुम्हाला वाटतं. स्वतःहून पण मिटता येतं.

केवळाबाई माझी सासू. तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं, ते माझं चुकलं. दोन दिवस जेवली न्हाई. काल म्हणाली, "येऊ दे तिला. मी नेते नाल्यानं."

किनवटला रेल्वेतून उतरलात की काळीपिवळी मिळते. आदल्या दिवशी आमच्याकडं मुक्कामाला या. काडेपेटी हापशापाशी ठेवून मगच वर चढायचं. सासू सगळ्यांची झडती घेते. तुमची पण घेईल, राग मानू नका.

पुनम


मुदखेड,
२० मार्च

प्रिय पुनमताई,

सुखरूप पोचले. तुम्ही बांधून दिलेली भाकर आणि ठेचा रेल्वेत खाल्ला. वरच्या नाल्यात तुम्ही वाडीतल्या पोरांसोबत मागे राहिलात, की मुद्दाम आम्हा दोघींना पुढे जाऊ दिलंत, हे मी विचारलं नाही. पण तिथे काय बोलणं झालं ते तुम्हाला लिहिलं पाहिजे असं वाटतं.

हापशापाशी केवळामावशींनी माझी पिशवी उपडी केली ते तुम्ही पाहिलंच. काडेपेटी काढून घेतली, मेणबत्ती हातात धरून उलटसुलट बघितली. "ही बिनपेटती राहू दे," म्हणाल्या. नाल्यात खरंच आमच्याच पावलांचा आवाज होता. मोहाच्या झाडांशी पोचलो तर बायका फुलं वेचत होत्या. प्रत्येक झाडाखाली जमीन साफ आणि काळी, त्यावर फुलं पिवळसर पांढरी दिसत होती. एकाच झाडाखाली पानांचा थर तसाच होता. दोन खोडांचा तो मोठा मोह. फुलं पानांत पडून दिसेनाशी होत होती.

मावशी म्हणाल्या, "हा माझा. त्यो पल्याडचा सोनाबाईचा." झाडांना अशी घरच्या माणसांसारखी ओळख आहे, हे मला फार आवडलं. मी विचारलं, "तुमच्या झाडाखालची पानं का नाही झाडली?"

त्या खोडाला टेकून बसल्या. मग बोलल्या.

फुलं पडायच्या आधी झाडाखालची पानं जाळून टाकतात, म्हणजे वेचायला जमीन मोकळी होते. त्याला बंदी आहे. म्हणून लोक पहाटे काडी लावतात आणि कुणी बघायच्या आत पळतात, आणि मागे राहिलेली आग डोंगर धरते. दादाने हे ओळखलं. त्याने कुणाची तक्रार केली नाही. त्याने पाळ्या लावल्या. ज्या घराची पाळी असेल त्याने त्याला हाक मारायची, तो पळसाची ओली फांदी घेऊन उभा राहणार आणि आग विझल्यावरच खाली उतरणार.

"त्या दिशी माझी पाळी व्हती," मावशी म्हणाल्या. "हितंच उभा व्हता. मला हसून म्हणे, मावशी, तुमचं झाड लई पानं गाळतं, तुमच्यावानी. मग वारं फिरलं. आग बांबूत घुसली. म्हणे, नाल्यात उतर, डोक्यावर ओला पदर घे. मी उतरले. त्यो वर गेला आग तोडायला. मी हाका मारल्या. एकदा 'हाव' म्हणला. मग न्हाई."

मी विचारू नये ते विचारलं. "मावशी, तो प्यायला होता का?"

"पोरी, पिलेला मानूस पाळ्या लावतो का?"

मेणबत्ती मी दगडांत उभी करणार होते. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि पदराच्या गाठीत बांधली. "पेटवायचा दिस आला की पेटवू."

खिंडीत मोबाइल लागला. बाबांना फोन लावला आणि फक्त "पोचले" म्हणाले. पुढचं फोनवर सांगायचं नव्हतं.

ताई, हे मला अर्जात लिहायचं आहे. मावशींचं नाव लिहिणार नाही. तुमचं, वाडीतल्या कुणाचंच नाही. फक्त दादा तिथे का होता ते. खरं लिहिल्याने कुणाचं वाईट व्हावं, असं मला वाटत नाही. तुम्ही हो म्हणा.

तुमची,
विशाखा


सावरदरा,
३० मार्च

विशाखाताई,

लिहू नका.

तुमच्यापासून आता काय लपवायचं? पंचनाम्याच्या वेळी साहेबांनी विचारलं, हा जाळरेषा सोडून मोहाखाली काय करत होता? कुणी बोलेना. सासू मागं उभी होती, पदर अजून ओला होता तिचा. माझे मालक पुढं झाले आणि म्हणाले, "मोहाखाली माणूस कशाला जातो साहेब?" सगळे हसले. हसण्यासारखं काही नव्हतं, तरी हसले. साहेबांनी लिहून घेतलं. आईला वाचवायला बोलले ते. नंतर आदिलाबादला जिनिंगवर कामाला गेले, दिवाळीला पण आले न्हाईत. सासू त्यांच्याशी बोलत न्हाई.

फुलांच्या ह्या दिवसांवर वाडीचं वर्षाचं मीठ-मिरची, कपडालत्ता निघतो. डोंगर बंद झाला तर पोरं घेऊन ऊसतोडीला जावं लागेल. माझी अंगणवाडी रिकामी होईल.

बाबांना सांगा. आईला सांगा. विहारात उभं राहून सगळ्यांना सांगा. मी येऊन सांगते पाहिजे तर. कागदावर नको.

पुनम


मुदखेड,
१६ एप्रिल

पुनमताई,

तुमचं पत्र मी कितीदा वाचलं ते सांगत नाही.

बाबांना सगळं सांगितलं. ते ओट्यावर बसले होते, ऐकत राहिले. आई आत भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. बाबा म्हणाले, "हे कागदावर येईल का?" मी म्हटलं, तोंडी सांगायला हरकत नाही, कागदावर नको असं तिकडचे लोक म्हणतात. ते म्हणाले, "खोटं तोंडी आस्तं तर खरं तोंडी चाललं आस्तं. ते तर शिक्का मारून घरी आलं."

परवा जयंतीची मिरवणूक होती. दरवर्षी बाबा पुढे असतात. या वर्षी रेल्वे फाटकापाशी कडेला उभे राहून त्यांनी मिरवणूक जाऊ दिली. कुणीतरी हाक मारली, "रामकिशनदादा, चला की!" त्यांनी चप्पल तुटल्याचं सांगितलं. चप्पल तुटली नव्हती.

काल मी अर्जाला पुरवणी जोडून दिली.

कुणाचंही नाव लिहिलेलं नाही, हे मी शपथेवर सांगते. पाळ्या कशा होत्या, दादा फांदी घेऊन कसा उभा राहायचा, त्याच्यामुळे किती वणवे टळले असतील, ते लिहिलं. कुणी खोटं ठरवू नये म्हणून जागा तेवढी नेमकी लिहिली. नाल्याच्या उजव्या अंगाचा दोन खोडांचा मोह. चांगल्या माणसाने चांगल्यासाठी केलेली गोष्ट आहे, ती वाचून कुणाला शिक्षा करावीशी कशी वाटेल?

तुम्ही रागावला असाल. तरी पत्र लिहा.

विशाखा


सावरदरा,
९ जून

विशाखाताई,

तुम्ही नाव लिहिलं न्हाई. झाड लिहिलं.

आमच्याकडं झाडागणिक घर आहे. आजोबा-पणजोबांपासून. ह्या झाडाची फुलं हे घर वेचणार, त्या झाडाची ते. दुसरं कुणी हात लावत न्हाई. पोरांना पण पाठ असतं. तुम्हाला ठाऊक नसेल असं माझ्या मनात पण आलं न्हाई, न्हाईतर लिहिलं असतं.

मे लागता लागता वनखात्याची जीप आली. सगळ्यांना अंगणवाडीसमोर बसवलं. विचारलं, दोन खोडांचा मोह कुणाचा? वाडीतला एकही माणूस बोलला न्हाई. सोनाबाईचं पोरगं तोंड उघडायला लागलं तर तिनं त्याला मांडीत दाबलं. मग सासू उठली. "झाड माजं. काडी मीच लावली. पाळ्या बी मीच सांगितल्या. त्या पोराचा काई दोष न्हाई, ह्यांचा बी न्हाई." साहेब म्हणाले, म्हातारे, खाली बस, विचार करून बोल. ती म्हणाली, "वर्सभर इचारच करून राहिले."

किनवटला नेलं. संध्याकाळी सोडलं. आता तारखा आहेत.

त्या अंगाचा डोंगर वेचायला बंद केला. पाटी त्याच झाडाला ठोकली आहे. शेवटची फुलं तिथंच सडली. वारं इकडचं असलं की वास घरात यायचा. दोन घरं ऊसतोडीचा करार करून बसली. हापशावर मी गेले की बायका अर्धा हंडा घेऊन निघतात. सासूला काही बोलत न्हाईत. मला म्हणतात, पाहुणी तुझी होती.

हे पत्र तुम्हाला दुखावं म्हणून लिहिलं. दुखलं तर बरं.

पुनम


मुदखेड,
२४ जून

पुनमताई,

निर्णय आला. दारूचा उल्लेख काढून टाकला आहे. त्याच्या जागी लिहिलं आहे की मयत मजूर बेकायदा आग लावली जात असताना स्वतः हजर होता आणि त्याने खात्याला कळवलं नाही. अर्ज फेटाळला.

बाबांनी तो मला पुन्हा पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाले, "हे खरं हाय. हे घेऊन लोकांत बसता येतंय." रविवारी ते विहारात पुढे बसले. पाचवं शील त्यांनी अडखळत का होईना, म्हटलं. आई रडली. मी मागच्या रांगेत होते. या दिवसासाठीच मी सगळं केलं होतं, आणि मला पाटी ठोकल्याचा आवाज येत होता.

तुमचं पत्र मी बाबांना वाचून दाखवलेलं नव्हतं. आज दाखवलं. ते उठून विहारात झाडलोट करायला गेले.

मी माफी मागत नाही. मागितली तर तुम्हाला ती द्यावी लागेल. मावशींच्या तारखा कळवा. वकील मी बघते. मी येईन.

विशाखा


सावरदरा,
७ डिसेंबर

विशाखाताई,

तारीख पुढच्या महिन्यात पडली. वकीलबाई चांगल्या आहेत, पण लई बोलतात. सासू म्हणते, ह्या बाईला मोह वेचायला न्यावं, अस्वलं पळतील.

मागच्या तारखेला तुमचे बाबा आले, ते चांगलं झालं असं मी म्हणणार न्हाई. बाकड्यावर ते आणि सासू दिवसभर बसले. सासूनं पान पुढं केलं, त्यांनी घेतलं. मग निघताना ते म्हणाले, "माय, जागा दाखवता का?" ती रात्री घरी येऊन मला म्हणाली, लिही त्या पोरीला.

म्हणून लिहिते. राग गेलेला न्हाई. तो तुम्ही आल्यावर बघू.

पौषात या, दव असेल तेव्हा. फाल्गुन लागायच्या आत. वेचणी बंद झाल्यापासून त्या अंगाची पानं कुणी झाडली न्हाईत, जाळली न्हाईत. मागची आणि आताची मिळून पोटरीभर थर झाला आहे. वाट दिसत न्हाई, खालचे दगड दिसत न्हाईत. उन्हाळ्यात कुणाची विडी जरी पडली तर ह्या वेळी फांदी घेऊन उभं राहायला कुणी न्हाई. नवा मजूर जाळरेषेवर असतो. खाली उतरत न्हाई. बरोबरच आहे त्याचं.

सासूला आता खोकला लागतो, हळू चालते. बाबा पण हळूच चालतील. खिंडीपर्यंत जाणं होणार न्हाई, झाडापर्यंत जाऊन माघारी येऊ. बाबांना बूट घ्या. काठी मी देते. भाकरी मी करते. मेणबत्ती आणू नका, ती सासूच्या पेटीत आहे, तशीच. काडेपेटी हापशापाशी ठेवायची, बाबांची पण झडती होईल, त्यांना आधी सांगून ठेवा.

पहिल्या पत्रात मी डावीकडची धार लिहिली होती. ती खोडा. हापशापासून उजवीकडं वळायचं.

पुनम